टेबलाखालचं मशीन

ओउलूमध्ये जानेवारीत तीनलाच दिवस मिटतो.
चौथी कॉफी गार होत चाललेली,
आणि बंदरावरचं धुकं मोजणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरची
बिल्ड स्क्रिप्ट
चाळिसाव्या ओळीशी येऊन उभी,
अडेलतट्टूसारखी.

तक्रार एकच: मार्ग रिकामा आहे.
रिकामा कसा? मी स्वतः भरलाय,
सेन्सरच्या फोल्डरात, अकराव्या ओळीत.
तिथं छापून पाहिला तर दिसतो, ठणठणीत.
एक पायरी वर आलं
की ताकाला तूर लागू देत नाही.

मग डोक्यात उजाडलं.
खालच्या फोल्डरात उतरताना
वरची प्रत्येक किंमत सोबत येते, पण नक्कल म्हणून.
तिच्यावर हवं ते गिरवा, खोडा,
परत निघताना सगळं आतच राहतं.
आमच्या घरांना दोन दारं असतात, एकामागे एक,
मध्ये हातभर जागा, बुटांपुरती.
बर्फ आत जात नाही, ऊब बाहेर येत नाही.
चांगला नियम आहे.
नव्या पोरांना मीच शिकवते.

ताइस्तोच्या काळात असं नव्हतं.
त्यानं सगळं कॅशमध्ये कोंबलेलं.
सगळ्यांना सगळं दिसायचं,
कुणाचंही कुणीही बदलायचं,
आणि बदललेलं विसरायचंही.
त्याच्या फोल्डरचं नाव अजून तेवीस ठिकाणी सापडतं,
निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी.
त्याचं जुनं मशीन माझ्या टेबलाखाली गुरगुरायचं,
त्या एकाच मशीनवर बिल्ड बिनबोभाट व्हायचं.
का, ते कुणी विचारत नव्हतं.
आज सकाळी मी ते बंद केलं.

असो. ओळीच्या शेवटी एक शब्द जोडला:
ही किंमत वरच्या घरी द्या.
पुन्हा चालवलं.
आता तर चाळिसाव्या ओळीपर्यंतही पोचलं नाही.
मार्ग रिकामा, आणि तोही खाली,
जिथं लिहिला त्याच्या पुढच्याच ओळीत.

ताइस्तोला फोन लावला.
आधी वारा ऐकू आला, मग तो.
गोठलेल्या आखातावर, पाडलेल्या भोकाशेजारी बसलेला.
"वर पाठवलंस ना? मग तुझ्याकडं कसं उरेल?
ती ओळ फक्त वरच्याला देते.
हातात काही ठेवत नाही.
दोन्हीकडं हवं तर दोनदा लिही.
मला हे कळायला अख्खा उन्हाळा गेला,
म्हणून तर वैतागून सगळं कॅशमध्ये टाकलं."

मासे मिळाले का?
"एक. बोटाएवढा. सोडून दिला."

फोन ठेवण्याआधी तो थांबला.
"रायली, ते मशीन बंद केलंस का गं?"
हो म्हटलं.
बराच वेळ नुसता वारा.
"बरं," तो म्हणाला,
"त्याची ऊब होती टेबलाखाली. आता मोजे घालत जा."

ओळ दोनदा लिहिली मी,
एकदा वरच्यासाठी, एकदा इथल्यासाठी.
शेजारी शेजारी दोन सारख्या ओळी,
कुणी नवखा येईल आणि एक चुकीची समजून खोडेल,
म्हणून वर टीप टाकली: दोन्ही राहू द्या.
बिल्ड निमूट पार पडलं.

सवयीनं पाय पुढं सरकवले.
खरंच गार होतं तिथं.