केलर, मुंजाजी नारबा

सेलूत, जिनिंगच्या मागच्या गल्लीत
मतदारयादी घेऊन फिरताना
अनुक्रमांक सहाशे बाराला अडले.
वर सोळा कदम, खाली नऊ काळे,
मधेच एक घर, केलर.
छपाईची चूक, मला वाटलं.
केळकर असेल, एक क गळाला, ळ चा ल झाला.
दुरुस्तीचा अर्ज काढला,
पेनाचं टोपण दातात धरलं.

"चूक नाही मॅडम," मुंजाजी म्हणाले,
"तसंच हाय ते.
तुमच्याआधी चौघांनी दुरुस्त केलं,
चारदा आमी पुन्हा बिघडवून आणलं."

बाजेवर बसवलं, पाणी दिलं.
आज्याला आई-बाप नव्हते.
कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, काय की बा.
निजामाच्या राज्यात एक जर्मन फिटर
कापसाचा प्रेस बसवायला आला,
त्याच्या हाताखाली पाना धरणारं हे पोर.
हजेरीच्या वहीत नावापुढचा रकाना मोकळा.
मुनीम म्हणाला, मोकळा चालत नाही.
साहेबानं स्वतःचं लिहून टाकलं
आणि प्रेस चालू झाल्यावर निघून गेला.
फोटो नाही, पत्र नाही.
पाना आहे,
बोअरच्या मोटारीला अजून लागतो.

"रक्ताचं म्हणाल तर थेंब नाही.
निस्तं ग्रीसचं नातं."

नात प्रांजली वाळूजच्या कंपनीत.
एकदा मीटिंगला स्क्रीनच्या पलीकडं
तिच्याच आडनावाचा एक गोरा माणूस.
तो हसत सुटला. म्हणाला, आमच्याकडं
फोनच्या जुन्या वहीत पानंच्या पानं आम्हीच,
अर्थ विचाराल तर तळघर,
नाहीतर तळघराच्या किल्ल्या सांभाळणारा.

"तळघर म्हंजी पेवच की ओ,"
आतून दैवशालाबाई, हात पिठात.
"तिकडं पेव फुटलंय निस्तं,
हितं आमी दोघं,
आन् प्रांजली, लग्न होईस्तोवर."

मुंजाजी सुपारी कातरत राहिले.
"एक बरं झालं बगा.
पूर्ण नाव सांगा म्हणणारे
पूर्ण नाव ऐकून गप होतेत.
मंग हळूच, म्हणजे तुम्ही नेमके...?
आज्याला ठाऊक नव्हतं, बापानं विचारलं नाही.
मी सांगतो, फिटर."

तोच प्रश्न माझ्याही जिभेवर होता,
खोटं कशाला बोलू.
मला तर दोन आडनावं, माहेरचं आणि सासरचं.
दोन्ही ऐकून लोक ठरवत आलेत
चहा कोणत्या कपात द्यायचा.

आमच्या गावात पेव होतं, आजोळी.
चिखलानं लिंपलेलं, वरून गुरं जायची,
खाली ज्वारी आहे की नुसता अंधार
परक्याला कळायचं नाही.
उघडताना मामा आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर कुणी उतरायचं नाही.

मी माझी दोरी गुंडाळली.
अर्ज घडी करून पिशवीत,
सहाशे बारापुढं बरोबरची खूण.

गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागून हाक,
"मॅडम, ल तेवढा नीट काढा.
मागच्या यादीत केसर झालं होतं.
पाच वर्षं आंबे होतो आमी."