बॉस्को

मेनेझिस गोव्याला कायमचा गेला तेव्हा
मागे ठेवून गेला एक इस्त्री, अर्धं सिलिंडर
आणि टँकमध्ये हा.
सात वर्षांचा ऑस्कर, नाव बॉस्को.
वीतभर लांब, ओल्या सिमेंटच्या रंगाचा,
कोपऱ्यात तिरका,
कुणी काठी टेकवून ठेवावी तसा.

सीबच्या बाजारात कुन्हालीने फोटो पाहिला,
बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला.
"वय झालं साहेब. लांबी आता सुटली.
लहानपणी पाणी बदललं नाही की
मासा आतून आखडतो.
रंगाचं काही सांगता येत नाही."
आणि लाल गोळ्यांचा डबा विकला मला,
दोन रियाल आठशे बैसा.
डब्यावर लिहिलं होतं, दहा दिवसांत फरक.
दहाव्या दिवशी पाणी लाल झालं.

मी बरक्याच्या प्लांटवर समुद्र गाळतो.
बारा तास आकडे बघत बसायचं;
खाऱ्याचं गोडं होतं
आणि पाइपातून निघून जातं
कुणाच्या तरी नळाला.
तेव्हा पाण्यातलं मला थोडं कळतं.
मेनेझिस लाडाने बाटलीचं पाणी ओतायचा ह्याच्यावर,
इतकं शुद्ध
की त्यात काहीच नव्हतं.
सात वर्षं नुसतं नितळ!
कपाळावर बारीक भोकं पडली होती,
सुईने टोचल्यासारखी.

मग किनाऱ्यावरचे शिंपले आणले,
उकळून, कुटून, जुन्या मोज्यात बांधून
फिल्टरमध्ये टाकले.
दर शुक्रवारी अर्धं पाणी बदलायचं,
बादल्या जिन्यावरून, सहा वर, सहा खाली.
जूनमध्ये टँक चौतीस अंशांवर गेला
तेव्हा माझा टेबलफॅन त्याच्याकडे वळवला
आणि मी फरशीवर ओला पंचा टाकून झोपलो.
पांढरे खडे काढून काळी वाळू घातली;
पांढऱ्यावर मासा पांढराच होत जातो,
लपायला.

दिलदार मुकादम, माझा रूममेट, हर्णैचा,
रोज दारात उभा राहून म्हणायचा,
"तळायला घेतला तर काटेच निघतील."
पण गावाहून आलेले सोडे त्यानेच पुढे केले.
मी म्हटलं, मीठ असेल.
म्हणाला, "तीन पाण्यांतून काढ.
आणि बाजारातली ताजी कोलंबी देशील
ती सालासकट दे.
रंग सालात असतो. तुमच्या प्लांटवर
हे शिकवत नाहीत काय?"

काचेवर मार्करने रेघ मारली होती.
मे, तेवीस सेंटिमीटर.
जून, तेवीस.
जुलै, तेवीस.
ऑगस्टमध्ये मी रेघेच्या वरच्या कडेपासून मोजलं,
दिलदारने खालच्या कडेपासून,
आणि त्या रात्री आम्ही बोललो नाही.

सप्टेंबरात रात्रपाळीहून आलो,
चार वाजले असतील, बूटही काढले नव्हते.
शेपटीच्या मुळाशी एक कडं दिसलं,
हीटरची कॉइल तापायला लागते तेवढं.
दुसऱ्या आठवड्यात पोटाखाली गंज,
मग त्या गंजाचा शेंदूर झाला,
आणि काळा असा काळा
की बाजूच्या वाळूला राखाडी म्हणावं लागलं.
कुन्हालीला फोटो पाठवला.
त्याने अंगठा पाठवला, आणि विचारलं,
"गोळ्या अजून हव्यात?"

लांबी तेवीसच.

पण कोपरा सोडला त्याने.
वाळू तोंडात भरून इकडची तिकडे करतो,
फिल्टरची नळी रोज उपटतो,
दिलदारला काचेतून गुरकावतो असं दिलदार म्हणतो.
काल कोलंबी द्यायला हात घातला
तर कोलंबी सोडून
माझा अंगठाच धरला.

सकाळी प्लांटच्या गेटवर
हजेरीच्या मशीनने तो अंगठा ओळखला नाही.
पुन्हा लावला. पुसून लावला.
मागे रांग थांबली, कुणी हॉर्न वाजवला.
गार्डने शेवटी रजिस्टर पुढे केलं.
नाव लिहिलं, वेळ लिहिली,
कारणाच्या रकान्यापाशी थोडा अडलो,
मग लिहिलं, मासा.
त्याने वाचलं,
माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि शिक्का मारला.