आटे

नोव्हेंबर ते एप्रिल थंडर बेचे रस्ते
मीठ खातात, आणि गाड्यांना भरवतात.
उजव्या चाकामागचा बोल्ट
खाल्ल्या मिठाला जागतो आहे.
सहा वर्षं धरलेलं सोडायला तयार नाही.

आयला निस्कानेन गॅरेजच्या फरशीवर
पुठ्ठा अंथरून उताणी.
तोंडावर गंजाची भुकटी,
डोळ्यांवर मुलाचा पोहण्याचा चष्मा.
नवे पॅड खोक्यात, नव्या चकत्या तेलकट कागदात,
कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगलेला.
सगळं तयार, एवढे बोल्ट सोडून.

रात्रीच तेल मारून ठेवलं होतं.
सकाळी पुन्हा. आंघोळच घातली म्हणा.
पाना लावला, ढिम्म.
पाय लावला, तर पाना सटकून
दोन बोटांची सालं गेली.
आणि मागून हात घातला की
उजवं कुठलं, डावं कुठलं, डोकं सांगेनाच:
आपण सोडवतोय की आवळतोय?

शेजारचे ह्रित्साक आले, कॉफीचा मग घेऊन.
उभ्या उभ्या म्हणाले, "तापव."
निळी ज्योत, लालबुंद बोल्ट.
सुंभ जळाल्याचा वास तेवढा आला,
पीळ जिथल्या तिथे.
मग म्हणाले, "आधी जरा आवळ.
थोडं त्याच्या मनासारखं होऊ दे,"
आणि घरून कुंपणाचा चार फुटी पाइप घेऊन आले.

पाइप पान्यावर, आयला पाइपवर,
सगळीच्या सगळी, हिवाळी बुटांसकट.
आवळायच्या बाजूला केसभर.
मग उलट.

टक्क.

तुटला?
दोघंही गप्प.
नाही. सुटला. किंचाळत,
कंजुषासारखा एकेक आटा मोजून देत.

डाव्या चाकाला तिने सवयीने पाइप चढवला
आणि तोंडावर आपटता आपटता वाचली.
बोल्ट दोन बोटांनी फिरला.
आट्यांत तांबूस ग्रीस, अजून ओलं.

आईचं घर विकायच्या आधीचा रविवार.
डावं चाक तौनोने केलं होतं, उजवं तिने.
तो ग्रीसचा डबा पुढे करत होता,
ती म्हणाली होती, "चल रे, काय होतंय."
त्यानंतर भाऊ-बहीण बोलले ते वकिलांमार्फत,
मग तेवढंही नाही.

"हा कोणी बसवला होता?" ह्रित्साकनी विचारलं.
"भावाने."
"आणि तो?"
आयला तारेच्या ब्रशने आटे घासत राहिली.
मग फडताळात मागे हात घालून डबा काढला,
अडकलेलं झाकण पकडीने उघडलं.
सगळ्या बोल्टना ग्रीस.
उजव्यांना जरा जास्तच.

चाकं चढली. पेडल दाबलं:
पहिल्यांदा पार तळाला गेलं,
दुसऱ्यांदाही,
तिसऱ्यांदा मध्येच कुठेतरी अडखळलं,
चौथ्यांदा पायाखाली उभं राहिलं.

गल्लीच्या टोकापर्यंत जाते, थांबून बघते,
पुन्हा निघते, पुन्हा थांबते.
टोकाला डावीकडे वळलं की हायवे,
साठ किलोमीटरवर तौनो.
फोन खिशात आहे.
हात ग्रीसने बरबटलेत,
त्याचं तिला बरंच वाटतं.