क्ष

माझ्या टाइपरायटरचा 'क्ष' गेला त्याला नऊ वर्षं झाली.
दुरुस्त करणारा यझदी फोर्टातलं दुकान मोडून
मुलीकडे कॅनडाला गेला,
तेव्हापासून मी तिथे जागा सोडतो
आणि कागद बाहेर काढला की निळ्या पेनाने भरतो.

कुर्ला कोर्टाच्या फुटपाथवर बसून एवढं कळलं
की या एका अक्षरावाचून कुणाचंच चालत नाही.
पक्षकार, शिक्षा, रक्षण,
तारखेची प्रतीक्षा.
पोलीस अधीक्षकांच्या पोटातला तो
माझ्याच हातचा.

मार्चमध्ये सिस्टर आयरीन तुस्कानो आल्या.
पालिकेच्या इस्पितळात रात्रपाळी.
केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर बारीक लिहून आणलेलं:
कोठडीतून आणलेला मुलगा, वय एकोणीस,
आणणाऱ्यांचं म्हणणं, जिन्यावरून पडला.
"जिना काय तळपायांवर मारतो का हो?"
एवढंच बोलल्या, मग म्हणाल्या, नाव घालू नका.

आयोगाला अर्ज. 'साक्षीदार' अकरा वेळा.
अकरा वेळा जागा सोडली,
अकरा वेळा भरली.

अर्ज जिथे पोचायचा तिथे पोचला,
आणि तिथून, जिथे पोचायला नको तिथे,
चार दिवसांत.

त्या रात्री वॉर्डात चार सिस्टर होत्या.
चौघींच्या बदल्या झाल्या.
चौघींना रात्री दोन वाजता फोन यायचा,
पलीकडचा माणूस शिवी देत नसे,
फक्त मुलांच्या क्लास सुटायच्या वेळा वाचून दाखवायचा.

मग दोघं माझ्याकडे आले. साधे कपडे, बूट मात्र सरकारी.
झेरॉक्स समोर धरली. "काका, हा क्ष तुमचा ना?
मग सांगा, चौघींतली कोण?"
मी म्हटलं, मी कळा बघतो, तोंडं नाही.
एकाने मशीनमधली रिबन सोडवली
आणि स्वतःच्या बोटाला गुंडाळत बसला,
हळूहळू,
सगळी.
"उद्या येतो. आठवून ठेवा."

खरं सांगतो, मी सांगणार होतो.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, नंबर लागलेला, तोही पालिकेतच.
रात्रभर नाव जिभेखाली धरून पडलो,
कडू गोळीसारखं, ना गिळवत ना थुंकवत.

सकाळी गेलो तर फुटपाथवर पक्कड फिरत होती.
झेरॉक्सवाल्या पोराने सगळं ऐकलेलं.
मुकादमचाचांनी आपला क्ष उपटला,
नलावड्यांनी उपटला, सोष्ट्यांनी उपटला.
पाटकरबाई, ज्या आपल्या मशीनवर
चहाचा कपसुद्धा ठेवू देत नाहीत,
त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, ओढ.

दोघं अकराला आले.
झेरॉक्स घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर.
भाडेकरार, नावबदल, रेशनकार्ड हरवल्याचं प्रतिज्ञापत्र,
जिकडे तिकडे निळा क्ष.
कुणाचा पोट सुटलेला, कुणाचा लंगडा.
"खाडीची हवा," पाटकरबाई म्हणाल्या,
"गंजतात हो. आमच्या रांगेत सगळ्यांचाच गेलाय."

ते गेले. म्हणजे, तेव्हा गेले.
केस उभी आहे, तारीख पडते,
सोष्ट्यांच्या छत्रीचं कापड कुणीतरी फाडलं.
आम्ही हल्ली घरी एकेकटे जात नाही.

आयरीन हे नाव खरं नाही, तुम्ही ओळखलंच असेल.
महिना बदललाय, आणखीही काही बदललंय,
पेनाचा रंगसुद्धा.

डोळा झाला. पट्टी सोडताना
एक सिस्टर वाकून म्हणाल्या, "काका, दिसतंय का?"
मी म्हटलं, नाही.
मला कुणीच दिसलेलं नाही.