निवळ

आधी डास गेले.
कुणी तक्रार केली नाही.
इनासने मच्छरदाणी दुमडून माळ्यावर टाकली,
म्हणाला, सायबाची कृपा.

मग कुर्ल्या.
मानशीच्या दाराशी रात्री बॅटरी मारली
की चिखलभर डोळे चमकायचे,
ते विझत गेले एकेक.
म्हणजे मला तसं वाटलं. मी कधी मोजले नव्हते.

मार्चात खाडी निवळली.
चाळीस वर्षं हिच्या काठाला मीठ ओढतोय,
ओळख सगळी गढूळ पाण्याशी.
आता होडीतून वाकलं की तळ दिसतो:
सोयरूचा हरवलेला नांगर,
फिरंगी वेळची कौलं,
कुणाची तरी सायकल,
आणि गाळात एक सरळ रेघ,
जड काहीतरी ओढत नेल्यासारखी,
दर्याकडून आत.
भरती येते, जाते.
रेघ पुसत नाही.

पेडण्याहून एक माणूस आला, बाटल्या भरून गेला.
पाणी उत्तम असल्याचा कागद आला,
पंचायतीने तो काचेत लावला.
सत्यवती त्या दिवशी पाण्यात पाय सोडून बसली,
आपलीच बोटं बघत हसली पोरीसारखी.
संध्याकाळी तिच्या तिसऱ्या
उकळून उकळून उघडेनात.
अदोळीवर फोडल्या.
आत कोरडं होतं,
झाडून काढलेल्या खोलीसारखं.

एप्रिलात सोयरूचा कुत्रा बांधावर मेला.
तीन दिवस. आठ दिवस.
माशी नाही, वास नाही, कावळाही नाही.
डोळे उघडे, कान एका बाजूला कललेला.
सोयरू जाता-येता त्याला हाक मारायला लागला.
आम्ही आधी थट्टा केली,
नंतर तो रस्ता सोडला.

गळून पडलेली झावळं हिरवीच राहिली.
खत होईना शेणाचं.
सुकत घातलेले बांगडे
ओलेच, चकचकीत,
मे संपत आला तरी.

इनासची आई गेली तेव्हा
पोरगा कुवेतहून यायला पाच दिवस लागले.
बर्फ मागवला होता, तसाच परत पाठवला.
पुण्यवान बाई, लोक म्हणाले.
पाद्री मात्र पेटीपाशी जरा जास्त थांबला.
तिच्या हातातली अबोली पाहत होता,
पहिल्या दिवशीची.

मीठ यंदा असं पांढरं
की दुपारी त्याच्याकडे बघवत नाही.
व्यापाऱ्याने भाव वाढवून दिला.
सात ट्रक गेले,
म्हापसा, बेळगाव, पुढे कुठे कुठे.
मी एक खडा जिभेवर धरला होता.
विरघळेना.
थुंकून टाकला, कुणाला सांगितलं नाही.
पोरीचं लग्न आहे डिसेंबरात.

आता एवढंच लिहायचं राहिलं:
मीठ ओढताना फळीची चीप टाचेत गेली.
बावीस दिवस झाले.
दुखत नाही, पिकत नाही,
भरतही नाही.
सत्यवती झोपली की दिवा खाली घेतो,
पाय मांडीवर ओढतो, बघतो.
रक्त नाही. आत सगळं निवळ,
पार तळापर्यंत,
आणि तळाशी ती सरळ रेघ.

काल ती घोट्यापर्यंत होती.