फरक सांगणारी खूण

तिसऱ्या महिन्यातही मेजावर तीच दोन पाकिटं.
शिवणाच्या सुया, पंचवीस पंचवीस,
काळा कागद, वर सोनेरी कोंबडा.
एक बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्यातून बोटीनं आलेलं,
दुसरं इथल्याच, गलाट्यातल्या कुठल्याशा जिन्याखालून.

थर्लबी साहेब म्हणतात, कोंबडा आमचा.
नेजाती एफेंदी म्हणतात, कोंबडा देवाचा;
चित्र कोणाचं ते पाहू. आधी कॉफी घ्या.
मी मिहरान, दुभाष्या, मधल्या खुर्चीवर.
याच्या तोंडातलं त्याच्या कानात ठेवतो
आणि ठेवताना थोडं पुसून घेतो.
‘चोर’ हा शब्द परवा पाच वेळा आला.
मी पाचही वेळा ‘अनुकरण करणारे व्यापारी’ म्हणालो.
दोन्ही राज्यं त्यामुळे अजून बोलताहेत.

कलम सातपाशी गाडी रुतली आहे.
परदेशातली खूण इथल्या वहीत नोंदवायची,
ठीक. पण फी कोणत्या नाण्यात?
नोंद नसली तर खूण ही खूणच नाही का?
आणि कोंबड्यानं तोंड डावीकडून उजवीकडे फिरवलं
तर तो तोच कोंबडा, की त्याचा भाऊ?
यावर अख्खा मंगळवार गेला.
भिंग मागवलं. शेगडीतले कोळसे दोनदा बदलले.
बाहेर बॉस्फोरसवर धुकं, बोटी भोंगे देत होत्या
एकमेकींना नाव सांगितल्यासारख्या.

आमच्या दफ्तरी भाषेत या वस्तूला म्हणतात
अलामेत-इ-फारिका:
फरक सांगणारी खूण.
त्यांच्या शब्दात धंदा आहे, आमच्या शब्दात फरक.
हे मी कोणाला बोललो नाही.
दुभाष्याला मत असणं म्हणजे
सुईला दोन्हीकडे टोक असणं.

घरी, समात्यात, आई डोळे बारीक करून दोरा ओवते.
तिला कुठलीच लिपी येत नाही. कोंबडा येतो.
गेल्या वर्षी कोस्ताकीच्या दुकानात
तिनं पाकीट गल्ल्यावर आपटलं:
“नेढ्याला धार आहे याच्या, दोरा कापतो.
कोंबडा दाखवून मला हे दिलंस?”
तीन महिन्यांच्या वाटाघाटीत
इतकं स्वच्छ वाक्य एकदाही माझ्या वाट्याला आलं नाही.

आणि तरी.
भिंग फिरत फिरत माझ्याकडे आलं तेव्हा मी पाहिलं,
अस्सल कोंबड्याच्या तुऱ्याला चार टोकं,
नकली कोंबड्याच्या तुऱ्याला पाच.
पाचवं इतकं नाजूक, इतकं विनाकारण,
की मला तो हात ओळखू आला.
स्तेपान. शाळेत माझ्या बाकावर बसायचा,
पाटीवर काढलेल्या प्रत्येक पाखराला
कुठेतरी एक पीस जास्त द्यायचा.
आता छापखान्यासाठी दगडावर चित्रं उतरवतो,
शेकडा पाकिटांमागे दोन कुरुश.
दुसऱ्याची खूण उचलतानाही
स्वतःची ठेवल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

“काही फरक दिसतो?” थर्लबी साहेबांनी विचारलं.
मी ते तुर्कीत केलं. काळजीपूर्वक.
नेजाती एफेंदी माझ्याकडेच बघत राहिले.
प्रश्न नेमका कोणाला होता, क्षणभर मलाही कळेना.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,
खरं आहे;
पण उजाडेपर्यंत झाकता येतं.
मी भिंग कागदावर पालथं ठेवलं.

कलम सात गुरुवारी मंजूर झालं.
‘गिऱ्हाइकाची फसगत होईल इतपत साम्य’, असे शब्द आहेत.
त्यातलं ‘इतपत’ माझं.

संध्याकाळी आईसाठी अस्सल पाकीट घेतलं, दुप्पट भावानं,
आणि उतारावरून येताना त्या जिन्यापाशी थांबलो.
दार लावलेलं. फटीतून दिवा.
आत कोणीतरी दगडावरचं जुनं चित्र
वाळूनं घासून काढत होतं.