अकरा हात

लेडबरीला, चर्चमागच्या कुरणात,
ऑगस्टातल्या शेवटच्या रविवारी
साठएक जुन्या गाड्या गवतावर ओळीनं.
पाऊस येणार म्हणत होते, आला नाही.

त्यातली हिरवी आल्विस माझी, एकोणपन्नास सालची.
माझी म्हणजे, मालक डेझमंड पार्जिटर,
रंग माझा. अकरा हात.
प्रत्येक हातानंतर पाणकागद, मग पुढचा हात,
आता बॉनेटवर वाकलं
तर नाकातले केस मोजता येतात.
पार्जिटर ती चालवत नाही. ट्रेलरवरून आणतो,
आणि टायरच्या खाचेतली गवताची काडी
भुवयांच्या चिमट्यानं काढतो.

परीक्षक आले, टोप्या घालून.
दांडीला लावलेले आरसे गाडीखाली सारून
त्यांनी तिचं पोट तपासलं.
शंभरात अठ्ठ्याण्णव.
दोन कशाचे कापले, पार्जिटर विचारत राहिला.

कशाचे कापायला हवे होते ते मला माहीत होतं.
कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात
शुक्रवारी, सुटीच्या भोंग्याआधी
कुणीतरी घाईनं मारलेला रंग
दाराच्या आतल्या कडेला ओघळून गोठला होता.
तीन थेंब. तिसरा लोंबता.
तो माणूस आता नसणारच.
मी ते खरवडले.
कारखान्यातून निघाली त्या दिवशीही
ही गाडी इतकी नवी नव्हती.

आमच्या वेशीवरच्या मारुतीला
दर शनिवारी तेल, शेंदूर, वर पुन्हा शेंदूर.
माझ्या लहानपणीच त्याला नाक उरलं नव्हतं.
एका वैशाखात कवच तडकलं, गळून पडलं,
आतून पाथरवटानं कोरलेल्या मिशा निघाल्या,
डावी उजवीपेक्षा जराशी आखूड.
लोक घाबरले.
शनिवारपर्यंत कसाबसा दम धरला,
मग शेंदूर लावून मोकळे झाले.

ओळीच्या टोकाला, चहाच्या तंबूशी
एक करडी स्टँडर्ड टेन.
बाई एनिड कटलॅक, वय एक्याण्णव,
एके काळची या पंचक्रोशीतली सुईण.
चालकाच्या दाराच्या वरच्या कडेला
रंग झिजून अस्तर, अस्तर झिजून पत्रा,
कोपराएवढी जागा.
मागच्या सीटच्या चामड्यावर बॅगेच्या बकलाची चीर,
काळ्या दोऱ्यानं शिवलेली, गाठी तशाच.
"माझेच टाके," बाई म्हणाल्या, "भूल न देता घातलेत."
परीक्षकांनी त्यांना एकसष्ट दिले
आणि तब्येत विचारली.

"तू रंगवतोस ना रे? काय घेशील?
भाच्याचा मुलगा मागे लागलाय, नवी करून टाक म्हणतो."

मी आकडा सांगायला तोंड उघडलं
आणि मला टिम ऑल्डरिज आठवला.
गेल्या हिवाळ्यात वडिलांची गाडी न्यायला आला होता.
पैसे दिले, पावती घडी करून खिशात घातली,
मग डाव्या मडगार्डवर हात फिरवू लागला.
एकदा. परत. थोडा खाली.
दिवे गेल्यावर काडेपेटी शोधावी तसा.
"इथं एक पोचा होता," म्हणाला,
"माझ्या सायकलचा. नऊ वर्षांचा होतो मी.
बाबा ओरडले नव्हते."
मी काढला होता तो.
बिलात वेगळा लावला होता,
चाळीस पौंड.

कटलॅकबाई थांबल्या होत्या.
म्हटलं, ब्रेक बघतो, तेल बदलतो,
त्या कडीला एक स्क्रू हवाय. रंगाला नको.
"म्हातारीला परवडायचं नाही, असं वाटलं होय तुला?"
जरा रागानंच विचारलं त्यांनी.
मला नीट काही सांगता येईना.

त्या चहा आणायला गेल्या
तेव्हा मी त्यांच्या जागी बसलो,
काच खाली करून कोपर बाहेर ठेवून पाहिलं.
बसेना.
चांगला चार बोटं पुढे येत होता माझा हात.